हात न लावता दिलेला खो

गजेंद्र सरांची शिट्टी वाजली आणि त्यांचा उजवा हात वर गेला. "फाउल. फिर फाउल."

सकाळपासूनचा हा नववा. पूर्वाने वहीत नववी रेघ मारली आणि पेन्सिल दातांत धरून मैदानाकडे पाहत राहिली. लखनौत आलमबागच्या रेल्वे कॉलनीतलं हे मैदान तसं लहानच. एका टोकाला पाण्याचा नळ, दुसऱ्या टोकाला कडुनिंब आणि मधे खो-खोचे दोन खांब. बस अड्ड्यामागच्या वस्तीतली तेरा ते सोळा वर्षांची चोवीस मुलंमुली दर रविवारी आणि बुधवारी इथे खेळायला येत. आज तेवीसच होती.

फाउल एकाच जातीचा होता. खो-खोत पाठलाग करणारा आपल्या बसलेल्या साथीदाराच्या मागे येतो, त्याच्या पाठीवर पंजा टेकवतो आणि 'खो' म्हणतो. मग बसलेला उठून पळतो आणि पहिला त्याच्या जागी बसतो. पंजा पाठीला लागला नाही आणि नुसतं तोंडाने खो म्हटलं, तर तो खो खोटा. या मुलांना हे पहिल्या आठवड्यात पाठ झालं होतं. महिनाभर दिवसाकाठी एखादा फाउल व्हायचा. आज नऊ.

गजेंद्र सर घाम पुसत तिच्याकडे आले. एका इंटर कॉलेजातून पी. टी. मास्तर म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ. पोट थोडं पुढे, शिट्टी गळ्यात आणि आवाज शिट्टीच्याही वरचा. "हाथ लगाते ही नहीं," ते म्हणाले. "दूर से खो दे रहे हैं, जैसे डाक से भेज रहे हों."

पूर्वाने समीरला बोलावलं. चौदा वर्षांचा, लुकडा, तोंडाने सगळ्यांत फटकळ. "पीठ पे हाथ क्यों नहीं रखता तू?"

समीरने खांदे उडवले. "क्या पता दीदी, किसको क्या हो."

मागे बसलेली वेदिका फिस्सकन हसली. तिच्या शेजारचा मुलगाही हसला. पूर्वाने ते वाक्य जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं. तिला तशी सवयच होती. पण लिहून झाल्यावर ते वाक्य वहीतून उठून तिच्या मानगुटीवर बसलं.

पूर्वा तेवीस वर्षांची. घरचे मूळचे मिरजेचे, वडील सतीश रेल्वेत इंजिनिअर, बदलीवर लखनौला येऊन अकरा वर्षं झालेली. ती इथेच शिकली, सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी. झाली आणि प्रयोगशाळेतली नोकरी मिळेपर्यंत म्हणून एका संस्थेत लागली. खेळातून मुलांना एचआयव्हीपासून बचाव शिकवायचा, असा संस्थेचा उपक्रम होता. व्याख्यान दिलं की मुलं जांभया देतात, पण खेळात सांगितलेलं त्यांच्या अंगात मुरतं, असं तिथल्या प्रमुख मनीषा मॅडमचं म्हणणं. पूर्वाला ते पटलं होतं, कारण खो-खो तिच्या घरातच होता. सतीशराव तरुणपणी तालुक्याच्या संघातून खेळलेले.

तेव्हा तिने स्वतः एक खेळ रचला. त्याला नाव दिलं 'वायरस खो'. पाठलाग करणाऱ्याने लाल बिब घालायचं, म्हणजे छातीपाठीवर अडकवायचं ते बिनबाह्यांचं कापड. त्यावर तिने मार्करने ठळक लिहिलं होतं : एचआयव्ही. तो ज्याला हात लावेल तो बाद, आणि त्याच्या मनगटाला लाल फीत. मैदानात चुन्याने चार गोल आखलेले. असुरक्षित शरीरसंबंध, न तपासलेलं रक्त, वापरलेली सुई, आणि आईकडून बाळाला, असा एकेका गोलाचा एकेक मार्ग. गोलात उभं राहून त्या मार्गावरचा उपाय बरोबर ओरडून सांगितला, की लाल बिबवाल्याला हात लावता यायचा नाही.

दोन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी तो खेळ धमाल चालला. 'कंडोम' हा शब्द पहिल्यांदा आला तेव्हा गजेंद्र सर खांब पक्का बसलाय का ते बघायला निघून गेले होते. दहा मिनिटांत मुलं तोच शब्द 'पंक्चर' म्हणावं इतक्या सहज ओरडायला लागली. खेळाआधी दहा प्रश्नांचा कागद सोडवून घेतला होता, खेळानंतर पुन्हा तोच. कागदांवर नाव नाही, फक्त एक ते चोवीस आकडे. सरासरी चार पूर्णांक आठवरून सात पूर्णांक एकवर गेली. मनीषा मॅडमनी फोनवर म्हटलं, "पूर्वा, यार, हे तर सोनं आहे." आता येत्या रविवारी चित्रण करायचं आणि तो खेळ बारा मैदानांवर पाठवायचा असं ठरलंही. खेळाची पुस्तिका छापायला जायची तेवढी बाकी होती.

लाल बिब त्या दिवशी सृष्टीने घातलं होतं.

सृष्टी पंधरा वर्षांची, नववीतली. उंच, सावळी, बोलणं मोजकं. पळायला लागली की पाय जमिनीला लागतात की नाही असं वाटावं. जिल्ह्याच्या निवडीला तिला पाठवायचं गजेंद्र सरांनी ठरवलं होतं. एकच उणीव होती. खांबाजवळ सूर मारायची वेळ आली की ती थांबायची. बाकीचे गुडघे-कोपरं सोलून घ्यायचे, हिच्या अंगावर ओरखडा नाही. पूर्वाने ते दोन-तीनदा टिपलं होतं आणि एकदा सर्वांदेखत म्हटलंही होतं, "डर मत, ज़रा खून निकल भी आया तो क्या?" सृष्टी वळून आपल्या जागेवर जाऊन बसली होती.

बिब हातात घेऊन ती एवढंच म्हणाली होती, "मैं ही क्यों, दीदी?"

"क्योंकि तू सबसे तेज़ है," पूर्वा म्हणाली होती. तीन मिनिटांत सृष्टीने नऊ जण बाद केले. मुलं किंचाळत तिच्यापासून पळत होती.

त्यानंतरच्या बुधवारी ती आली. रविवारी आली नाही, पुढच्या बुधवारी नाही, आणि आजही नाही.

दुपारी पूर्वा तिचं घर शोधत गेली. बस अड्ड्यामागे, मेट्रोच्या खांबांना समांतर जाणाऱ्या गल्लीत एक खोली. दार सृष्टीच्या मावशीने उघडलं. मालिनी अमौसीला विमानतळावर सफाईच्या कामावर होती. नुकतीच ड्युटी संपवून आलेली, ओळखपत्राची निळी पट्टी अजून गळ्यातच.

"अब नहीं आएगी," ती म्हणाली. "बोर्ड का इम्तिहान है."

नववीला बोर्ड नसतं. पूर्वा हे बोलणार होती, पण मालिनीच्या चेहऱ्याकडे पाहून तिने तोंड मिटलं. या बाईला काहीतरी झाकायचं होतं आणि त्यासाठी तिला पहिलं सुचलं ते तिने पुढे केलं होतं. आतून सृष्टी आली. "मौसी, दीदी को सड़क तक छोड़ के आती हूँ."

दोघी चालत मोठ्या रस्त्याला आल्या. कोपऱ्यावर पेरूची गाडी होती. सृष्टीने एक पेरू कापून घेतला, वर काळं मीठ, आणि कागदावरच्या त्या फोडी दोघींच्या मधे धरल्या. बसचे कंडक्टर कानपूर, कानपूर म्हणून ओरडत होते. पूर्वाने दोन फोडी खाल्ल्या.

"मुझे आपके दसों सवाल आते थे," सृष्टी एकाएकी म्हणाली. "खेल से पहले भी."

पूर्वा थांबली. पहिल्या चाचणीत सतरा नंबरच्या कागदाला दहापैकी दहा होते. हा कोणीतरी उत्तरं आधी बघितलेला दिसतो, असं समजून पूर्वाने तो सरासरीतून वगळला होता.

मग सृष्टीने सांगितलं. सांगताना ती रस्त्याकडेच पाहत होती. आई ती चार वर्षांची असताना गेली. आईकडूनच तिलाही आलं, जन्मापासून. सहाव्या वर्षापासून रोज रात्री नऊला गोळी. मावशी ती वेलचीच्या डब्यात ठेवते, म्हणजे कोणी बघितलं तरी विचारणार नाही. सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी तिला सगळं नीट समजावलेलं : गोळी चुकवली नाही तर रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत दिसतही नाही. तिचा चार वर्षांत दिसला नव्हता. शाळा, खेळ, लग्न, मुलंबाळं, सगळं होऊ शकतं. हे फक्त मावशीला माहीत होतं, आणि आता पूर्वाला.

"खेल वाले दिन किसी को कुछ पता नहीं था," सृष्टी म्हणाली. "सब मज़ाक में ही भाग रहे थे. बुधवारला नळावर पाणी प्यायला गेले तर समीर बोला, हटो हटो, एचआयव्ही आ गई. तोही मज़ाक." हे शेवटचं तिने पूर्वाच्या घरच्यासारखं अर्धं मराठी करून म्हटलं. पूर्वा चुकून मराठीत बोलायची ते ऐकून ऐकून तिला थोडं येत होतं. "आपके खेल में मैं वायरस थी, दीदी. लड़की नहीं थी."

कागदावर चार फोडी राहिल्या होत्या. सृष्टीने कागद हळूच आपल्याकडे ओढून घेतला, जणू आता तो दोघींचा राहिला नव्हता. पूर्वाने हात लांब करून पुढची फोड उचलली आणि खाल्ली. मीठ त्याच फोडीवर जास्त पडलं होतं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "गलती मेरी है. मैं ठीक करूँगी. तू आ, मत आ, वो तेरी मर्ज़ी. मी कोणाला सांगणार नाही."

"निवडीला जायचं होतं," सृष्टी म्हणाली. तेवढंच बोलून ती परत फिरली.

घरी आल्यावर पूर्वाने कागदांचा गठ्ठा काढला आणि जमिनीवर दोन रांगा मांडल्या, खेळाआधीचे आणि नंतरचे. एवढे दिवस तिने फक्त बेरीज पाहिली होती. आता ती एकेक प्रश्न घेऊन बसली. स्वयंपाकघराच्या दारात तिची आई, सुलभाताई, चिंच सोलत होत्या. चिंचोके वाटीत टपटप पडत होते.

"अगं, जेवायला ऊठ की. कागद काही पळून जात नाहीत."

"हाँ आई, दो मिनट."

"तुझी दोन मिनटं आणि तुझ्या बाबांची रेल्वे, दोन्हींचा भरवसा नाही."

"रेल्वेचं नाव काढायचं नाही," सतीशराव वर्तमानपत्राआडून म्हणाले. "हल्ली वेळेवर असते."

"हो, तुम्ही बसलेले नसलात की."

पूर्वा सातव्या प्रश्नाशी थांबली. 'एचआयव्ही असलेल्या मुलासोबत खेळलं, त्याचा हात लागला, तर आपल्याला एचआयव्ही होतो का?' खेळाआधी चोवीसपैकी आठ जणांनी 'हो' लिहिलं होतं. खेळानंतर पंधरा जणांनी. तिने पुन्हा मोजले. पंधराच. बाकीचे नऊ प्रश्न इतके सुधारले होते की त्यांच्या बेरजेखाली हा एक बुडून गेला होता. तिने मुलांना चार खरे मार्ग तोंडाने शिकवले आणि पाचवा खोटा मार्ग पायांनी शिकवला. खेळ अंगात मुरतो, हे मनीषा मॅडमचं म्हणणं खरंच होतं.

मग तिने सतरा नंबरचा दुसरा कागद काढला. दहातली नऊ उत्तरं बरोबर. सातव्यापुढे आधी 'नहीं' लिहिलेलं, ते खोडलेलं, आणि बाजूला बारीक अक्षरात : 'पता नहीं'.

तिच्या हातातल्या कागदाकडे पाहत सतीशरावांनी वर्तमानपत्र खाली केलं. "काय गं, नापास झालीस?"

"हो," पूर्वा म्हणाली. आणि मग सृष्टीचं नाव न घेता तिने बाकीचं सगळं सांगितलं. फाउलांचंही.

सतीशरावांना फाउलच तेवढे महत्त्वाचे वाटले. "पाठीला हात न लावता खो? आमच्या मिरजेच्या मास्तरांनी उभं चिरलं असतं. ते काय करायचे माहितीये? आमच्या हातांना गेरू फासायचे. खो दिला की पाठीवर पंजा उमटलाच पाहिजे. सामना संपला की शर्ट काढून पंजे मोजायचे. ज्याच्या पाठीवर जास्त पंजे, तो संघाचा भरवशाचा गडी."

"आणि ते शर्ट तुझी आजी धुवायची," सुलभाताई म्हणाल्या. "मास्तर नव्हे."

पूर्वाचं लक्ष वाटीतल्या चिंचोक्यांकडे गेलं होतं. तिने एक उचलला, तळहातावर फिरवून पाहिला. "आई, घरात राजमा आहे?"

"आता? आमटी झालीये."

"खायला नाही. तेवीस दाणे हवेत."

मंगळवारी ती महानगर भागातल्या संस्थेच्या ऑफिसात गेली. मनीषा मॅडम मूळच्या नागपूरच्या, चाळिशीच्या, कामाने कायम थकलेल्या आणि तरी समोरच्याला आधी पाणी विचारणाऱ्या. त्यांना पूर्वाने सातव्या प्रश्नाचा तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा वर करून, खाली करून तो दोनदा वाचला.

"पण सरासरी तर वाढली ना?"

"वाढली. म्हणूनच मला दिसलं नाही."

"पूर्वा, चित्रणवाले ठरलेत. बारा सेंटरना सांगून झालंय. एक प्रश्न आपण पुस्तिकेत वेगळा समजावू. चौकट टाकू."

"मॅडम, चौकट कोणी वाचत नाही. लाल बिब सगळ्यांना दिसतं." पूर्वाने तक्ता त्यांच्यापुढे सरकवला. "बारा मैदानांवर तीनशे मुलं असतील. त्यांत एखादं औषधं घेणारं मूल असणारच ना. आपल्याला माहीत नसेल इतकंच. ते मूल त्या खेळात कुठे उभं राहणार?"

मनीषा मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं. काही विचारावं असं त्यांच्या ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. या कामात त्यांची पंधरा वर्षं गेली होती आणि कोणता प्रश्न विचारायचा नाही हे त्यांना कळत होतं. "चित्रण पुढे ढकलते," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडे दुसरा खेळ आहे?"

"रविवारी कळेल."

बुधवारी मैदानावर दुसऱ्या शाळेच्या स्पर्धा होत्या, म्हणून सराव नव्हता. शनिवारी संध्याकाळी पूर्वाने वर्तमानपत्राचे चौकोन कापले आणि पुड्या बांधल्या. तेवीस राजम्याच्या, एक चिंचोक्याची. बाहेरून सगळ्या सारख्या दिसेपर्यंत तिने काही पुन्हा बांधल्या. तेवीसच मुलं येतील असं मन सांगत होतं, पण तिने पुड्या चोवीस केल्या. मग सृष्टीला निरोप पाठवला : 'कल नया खेल है. लाल बिब नहीं है.' उत्तर आलं नाही.

रविवारी सकाळी धुकं विरून ऊन पडलं होतं. तेवीस मुलं रांगेत बसली. पूर्वा समोर उभी राहिली आणि तिने आधी सांगायचं ते सांगून टाकलं : मागचा खेळ मी चुकीचा बनवला होता. त्यात हात लागला की बाद. खरं तर हात लागून काहीच होत नाही. तुम्ही पंधरा जणांनी कागदावर चूक लिहिलीत, ती तुमची नाही, माझी चूक आहे.

शिकवणारं माणूस चुकलं असं त्याच्याच तोंडून ऐकायची त्यांना सवय नव्हती. "मतलब दीदी फेल," समीर हळूच म्हणाला.

"हाँ. दीदी फेल. अब री-एग्ज़ाम है."

तेवढ्यात फाटक वाजलं. सृष्टी आत आली, पांढरा कुर्ता, केस घट्ट बांधलेले. कोणाकडे न पाहता ती रांगेच्या शेवटी बसली. पूर्वाने पुड्यांची पिशवी फिरवायला सुरुवात केली.

"प्रत्येकाने एक घ्या. चोवीस पुड्या आहेत, एकीत चिंचोका आहे. हवं तर उघडून बघा, पण फक्त आपलीच. दुसऱ्याची मागायची नाही, विचारायचीही नाही. मग मोज्यात खोचा आणि खेळा."

मुलं पाठमोरी होऊन पुड्या उघडू लागली. काहींनी मुद्दाम रडका चेहरा केला, काहींनी मिशीवर ताव दिल्यासारखं केलं, आणि त्यामुळे कोणाकडे काय ते आणखीच कळेनासं झालं. मग गजेंद्र सर भिजवलेल्या गेरूची परात घेऊन आले. "हाथ डुबाओ. जिसका पंजा पीठ पे नहीं छपा, उसका खो नहीं."

आणखी एक नियम पूर्वाने सांगितला. ज्याला रक्त येईल तो बाहेर येईल. सर हातमोजे घालून जखम धुतील, पट्टी बांधतील, मग तो परत आत. कोणीही असो. रक्त कोणाचंही असलं तरी उघड्या हाताने पुसायचं नाही.

पहिला डाव सुरू झाला. पहिले दोन खो जरा बिचकत दिले गेले. तिसरा समीरने वेदिकेच्या पाठीवर असा थापला की ती ओरडली, "अबे, खो दे रहा है कि दरवाज़ा तोड़ रहा है?" आणि मग गेरूची चटकच लागली. जो तो दुसऱ्याच्या पाठीवर पुरा पंजा उमटवायला बघू लागला. पूर्वाची पेन्सिल वहीवर टेकलेली होती, पण तिला रेघ मारावी लागली नाही.

दहाव्या मिनिटाला समीरचा गुडघा सोलला. शिट्टी. गजेंद्र सरांनी हातमोजे चढवले, जखम धुतली, पट्टी बांधली. समीर लंगडण्याचं नाटक करत परत आला. कोणी काही बोललं नाही, कारण बोलण्यासारखं त्यात काही नव्हतं.

सृष्टी पाठलागावर आली तेव्हा पहिल्या तुकडीतला शेवटचा पळणारा खांबाकडे निघाला होता. तिच्या पुढे चार पावलं. पूर्वाने पाहिलं की सृष्टीची नजर एकदा खांबावर गेली, एकदा कडेला ठेवलेल्या पट्ट्यांच्या डब्यावर. मग तिने सूर मारला. खांबाला एका हाताने धरून ती पूर्ण आडवी गेली आणि दुसरा हात त्याच्या घोट्याला लागला. धूळ खाली बसली तेव्हा तिच्या कोपरावर लाल रेघ होती. शिट्टी. हातमोजे, पाणी, पट्टी. समीरला लागला होता तेवढाच वेळ. ती परत येऊन रांगेत बसली आणि वेदिकेने तिच्या पाठीवर पंजा टेकवला. "खो."

डाव संपल्यावर सगळ्यांनी पुड्या पिशवीत टाकल्या. पूर्वाने सर्वांसमोर एकेक उघडली. राजमा, राजमा, राजमा. एकोणिसाव्या पुडीत चिंचोका निघाला. उरलेल्या पाचांत पुन्हा राजमाच.

"किती चिंचोके दिले होते?"

"एक."

"आता किती?"

"एक."

"किती वेळा हात लागला?"

मुलं एकमेकांच्या पाठी मोजू लागली आणि मोजता मोजता हसायला लागली. समीरने मात्र हात वर केला. "दीदी, ये तो चीटिंग है. पुड़िया हाथ लगाने से थोड़ी बदलती है."

"का नाही बदलत?"

"अरे, वो तो बंद है. बाहर कैसे आएगा?"

"बस. तसंच आहे ते," पूर्वा म्हणाली. "चमड़ी बंद पुड़िया है. हात लावून, एकत्र खेळून, एका नळावर पाणी पिऊन विषाणू बाहेर येत नाही. त्याला बाहेर यायला चारच दारं आहेत. ती तुम्हाला पाठ आहेत, आणि त्यांना कुलूप कसं लावायचं तेही."

समीर विचार करत राहिला. "तो फिर चिंचोका किसके पास था?"

"तुला खेळताना कळलं?"

"नहीं."

"मग आता कशाला हवंय?"

समीरने नळाकडे पाहिलं. काहीतरी आठवून त्याचे कान लाल झाले. सृष्टीकडे न बघता तो म्हणाला, "वैसे डाइव अच्छी थी," आणि पाणी प्यायला पळाला.

मुलं पांगली तेव्हा फाटकाशी मालिनी उभी दिसली, गळ्यात निळी पट्टी, कामावर जायच्या वाटेवर. केव्हापासून उभी होती कोण जाणे. तिने सृष्टीचं कोपर हातात घेऊन पट्टी तपासली. मग तिला फिरवलं आणि पांढऱ्या कुर्त्याची पाठ पाहिली. गेरूचे पंजे एकावर एक उमटले होते, लहान-मोठे, काही पुसटलेले. पूर्वाने मनातल्या मनात मोजले. अकरा.

"सफ़ेद ही पहनना था आज?" मालिनी म्हणाली. तिचा आवाज तिला हवा तेवढा रागीट निघाला नाही.

"गेरू आहे. धुल जाएगा," पूर्वा म्हणाली.

मालिनीने मान हलवली. मग तिने विचारलं, "वो ज़िले वाला... फॉर्म कब भरना है?"

"बुधवारपर्यंत."

सृष्टी दोन पावलं मागे राहिली. "दीदी, मुझे राजमा मिला था."

"मी विचारलं नव्हतं."

"हाँ," सृष्टी म्हणाली. "तभी तो बताया."

बाहेर बस अड्ड्याच्या बाजूने गर्दी येत होती. मालिनीने सृष्टीला पुढे घेण्यासाठी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून दोघी रस्ता ओलांडून गेल्या. पूर्वाने पुड्यांचे कागद गोळा केले, राजमा वेगळा बांधला, चिंचोका खिशात टाकला आणि परात धुवायला नळाकडे गेली.